साबणाची रेघ

बायको गेली, त्याच्या आदल्या सांजेला मी शेजारच्या मिस्त्र्याकडे चिमट्यात नळी धरून उभा होतो. मोटारसायकली दुरुस्त करता करता तो घरीच विमानाचं इंजन बनवत होता. मतलबी माणूस. मागून नेलेली वस्तू कधी परत करत नसे. आमची पकड गेली, पंखा गेला, चहाची चाळणीसुद्धा त्या इंजनात गेली.

ॲल्युमिनियम झाळताना, म्हणजे तापवून सांधताना, लाल होत नाही, काही न सांगता एकदम वितळून बसतं. म्हणून तो नळीवर साबणाची रेघ ओढे. रेघ काळी पडली की ताव बरोबर आला.

"बाई, साबण द्या न!" त्यानं कुंपणावरून हाक मारली.

"घरात एकच वडी हाये. घे," बायको म्हणाली. "पण विमान उडालं त पयले मले एटापल्लीले माहेरी नेजो."

"तुमच्या वजनानं इंजनच बसन, बाई."

"मंग तू उतरून ढकलजो, मेल्या!"

हसत आत गेली. पहाटे उठलीच नाही. तिनंही काही सांगितलं नाही.

सकाळी बाया तिला आंघोळ घालायला बसल्या. साबण मागू लागल्या. मी रिकाम्या घरात शोधत राहिलो. तेवढ्यात तो कुंपण ओलांडून आला. वडी शर्टाला पुसून त्यानं माझ्या हातात दिली. रेघा ओढून तिच्या कोपऱ्याला खाच पडली होती.

"बाईचं परत आणलं, भाऊ."

एवढंच बोलला, आणि अंगणात तिरडीचे बांबू बांधायला बसला.