शेवटच्या ओळीचे गुण

हिंगोली जिल्ह्यातल्या ज्या अध्यापक विद्यालयात मी शिकवते, तिथं पाठाच्या प्रकल्पाला गुण पडायचे ते थर्माकोल बघून. शिक्षिका होऊ घातलेल्या मुलीनं एक पाठ स्वतः रचायचा, त्याचं साहित्य करायचं आणि फाइल द्यायची, असा हा प्रकल्प. जिची चमकी जास्त, तिला गुण जास्त. मला त्याचा इतका वीट आला, की गुण कशाकशाचे द्यायचे याचा तक्ता मीच करून देते म्हणाले. प्राचार्यांना बरंच वाटलं. वरून तपासणी आली की दाखवायला एक कागद झाला.

तक्त्यातल्या वरच्या ओळी कुणीही लिहिल्या असत्या. शेवटच्या ओळीसाठी मात्र मी भांडले. पाठ खऱ्या मुलांपुढे घेतला का, कुठं फसला, आणि मग काय बदललं? सगळ्यांत जास्त गुण तिलाच ठेवले.

औंढ्याकडच्या एका तांड्यावरच्या मुलीनं ती ओळ मनावर घेतली. तिचा पाठ घड्याळाचा. थर्माकोलचं घड्याळ घेऊन ती शाळेत गेली आणि मुलं तिच्या तोंडाकडं बघत बसली. 'पाठ फसला,' असं तिनं सरळ लिहिलं. आठवड्यानं परत गेली ती शेतातल्या लाइटचं विचारत. मोटारीची लाइट कितीला येते, कितीला जाते, बाप कधी उठतो. त्यावरून मुलं आपसात भांडायलाच लागली आणि भांडता भांडता काटे फिरवू लागली. तरी काहींना आलं नाही, तेही तिनं लिहिलं. ती फाइल वाचून मला इतका आनंद झाला, की घरी जाऊन नवऱ्यालाही वाचून दाखवली.

बाकीच्या फायलींत एकच वाक्य होतं: सर्व मुलांना पूर्ण समजले. त्या मुली कुठल्याच शाळेत गेल्या नव्हत्या आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना त्या ओळीला शून्य दिलं. या गुणांवर पहिली येणारीला आमच्याच संस्थेच्या शाळेत नोकरी मिळायची, आणि यंदा पहिली तांड्यावरची येत होती.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"मॅडम, समजलं लिहिणारीला शून्य अन् फसलं लिहिणारीला पैकीच्या पैकी? हे काहून?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गुण उलटे केले. मी सही करणार नाही म्हणाले, तर त्यांनीच केली. नोकरी चमकीवालीला गेली.

निकालानंतर तांड्यावरची मुलगी फाइल न्यायला आली. रडली नाही.

"मॅडम, फसला हे लिवायचं न्हवतं का?"

"लिहायचंच होतं."

तिनं फाइल हातात घेतली. मग म्हणाली, "वसमतला एका शाळेत मुलाखत हाय. फाइल दाखवा लागती."

माझ्याच टेबलावर तिनं फाइल उघडली, 'पाठ फसला' लिहिलेलं पान शोधलं आणि पट्टी मागितली. फाडल्याचं दिसू नये म्हणून. मला संताप आला होता, प्राचार्यांचा, त्या तक्त्याचा, स्वतःचा. पण ठेव ते पान, असं तिला कुठल्या तोंडानं सांगणार? मी पट्टी दिली.