खिशातले तीन फ्यूज

ती केस आठवली की आजही माझा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे जातो. सत्तरच्या दशकाची सुरुवात, दुष्काळाचं साल. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. नवा होतो, तापट होतो, आणि माणसं आपल्याला बघताक्षणी कळतात अशी माझी पक्की समजूत होती.

गावात ठेकेदारांकडे काम करणाऱ्या वायरमन लोकांची युनियन होती. युनियन म्हणजे काय, तर सायकलच्या दुकानावरची एक खोली, एक सतरंजी आणि एक वही. एक वायरमन खांबावर असताना खाली कोणीतरी फ्यूज लावला आणि तो जागीच गेला. त्याच्या तेराव्याला जमलेल्यांनी तिथेच ही युनियन काढली. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळतं, तर एका भल्या माणसाला मी कोठडीत टाकलं नसतं.

त्या उन्हाळ्यात वायरमन संपावर होते. मागणी रबरी हातमोज्यांची आणि धड शिड्यांची. ठेकेदार ऐकेना. एका सकाळी नेवाशाच्या रस्त्यावरच्या डीपीतले तिन्ही फ्यूज गायब झाले आणि गावाला पाणी देणारी मोटार बंद पडली. आधीच पाण्याची मारामार! तासाभरात बाया रिकामे हंडे घेऊन थेट ठाण्यात आल्या. पाठोपाठ ठेकेदार फिर्याद घेऊन आला, की संपवाल्यांनी मुद्दाम घातपात केला.

दुपारी खबर मिळाली. युनियनच्या खोलीखालचा चहावाला हळूच म्हणाला, "सायेब, फ्यूज सेक्रेटरीकडंच हायेत. खिशात घिऊन हिंडतोय त्यो."

आम्ही गेलो, तर खरंच शर्टाच्या खिशात तीन फ्यूज. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला आणि सेक्रेटरीला बेड्या घालून आणलं. तिशीचा, किडकिडीत, शांत माणूस. संध्याकाळी ठेकेदाराने स्वतःच दुसरे फ्यूज बसवून पाणी सुरू केलं.

"फ्यूज तूच काढलेस?"

"व्हय."

"का?"

मी टेबलावर काठी आपटली, आवाज चढवला. "गुन्हा शाबीत झाला तर तुझा वायरमनचा परवाना जाईल. पुन्हा कुणी तुला तारेला हात लावू देणार नाही. कळतंय का?"

"कळतंय सायेब." डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

चोर आधी नाकारतो आणि मग भडाभडा बोलतो. हा आधीच कबूल झाला होता आणि कारण मात्र गिळून बसला होता. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता, पण संतापलेल्या माणसाला दिसतं कमीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीतला पंखा कर्र करून थांबला. अंगाची नुसती लाही. गावातले झाडून सगळे वायरमन संपावर, आणि एकुलता एक हाताशी होता तो माझ्याच कोठडीत! हवालदार हसू दाबत त्याला घेऊन आला.

"संप मोडत नाही ना तुझा?" मी खोचकपणे विचारलं.

"ठान्यातला पंखा ठेकेदाराचा न्हाई, सायेब."

त्याने आधी मेन बोर्डातला फ्यूज उपसला, शर्टाच्या खिशात टाकला, वरून गुंडी लावली आणि मग टेबलावर चढला.

"खिशात कशाला? चोरीची खोडच दिसते तुला."

"मानूस वर असंल तर फ्यूज खालच्याच्या खिशात ऱ्हातो. त्यो उतरला की त्याच्या हातात द्यायचा. युनियनचा पयला नियम हाय. हितं खाली आमचं कुनी न्हाई, म्हून माझ्याच खिशात."

मी खुर्चीतून उठलोच. "मग काल वर कोण होतं?"

त्याचा हात थांबला. टेबलावरूनच म्हणाला, "ठेकेदारानं आनलेला नवा गडी. लाइन चालू, आन् हा बिनधास्त चढाय लागलेला. हाक मारून ऐकतोय कुठं? मी फ्यूज उपसलं. त्यो उतरला, मला बगून पळाला. पुढच्या खांबावर आनिक कोन हाय का, मला काय ठावं? लावू कसं?"

"अरे, मग बोलत का नाहीस?"

"आमच्या पोरांना त्याचा पत्ता लागला तर हानत्याल त्याला. संपात कामाला आला म्हून. लेकरं घिऊन आलाय बिचारा."

त्या गड्याला शोधायला मी साध्या कपड्यात एकटाच गेलो. गडी तिसगावकडचा, दुष्काळात काम शोधत आलेला. लाइन चालू होती आणि तुला वाचवणारा कोठडीत आहे, हे मी त्याला सांगितलं. "लाइन बंद हाय म्हून ठेकेदारानं सांगितलं हुतं वो मला!" एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

मी बोलावलं नव्हतं, तरी दुसऱ्या सकाळी तो आपल्या पायांनी ठाण्यात आला आणि जबाब दिला. बाहेर वायरमन जमले होते. कोणी त्याला बोटही लावलं नाही. खटला भरण्यासारखं काही नाही असा अहवाल मी कोर्टात पाठवला. पुढे हातमोजे मिळाले, शिड्या मिळाल्या, आणि युनियनच्या वहीत तिसगावच्या गड्याचंही नाव चढलं. जप्त केलेले फ्यूज कोर्टाच्या हुकमाने मी परत करू लागलो, तेव्हा सेक्रेटरीने हात मागे घेतला. "जो उतरलाय त्याच्या हातात द्या." तिसगावच्या गड्याने ते दोन्ही हातांनी घेतले.

फ्यूज कोणी काढला, एवढंच मी विचारत बसलो होतो. वर कोण होतं, हे विचारायला माझा पंखा बंद पडावा लागला. पुढच्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न मी कधी विसरलो नाही.

निवृत्तीनंतर नगरला घर बांधलं, तेव्हा वायरिंग तपासायला मी त्या सेक्रेटरीलाच बोलावलं. केस पांढरे झालेले, पण हात तसाच स्थिर. त्याने मेनचा फ्यूज उपसला आणि माझ्यापुढे धरला.

"धरा सायेब. खिशात ठिवा."

"माझ्या? अहो, तुमच्याच खिशात असू द्या की."

"आता खाली आपला मानूस हाय न्हवं."

मी फ्यूज खिशात टाकला, वरून गुंडी लावली. ज्या हातांत मी बेड्या घातल्या होत्या, ते हात वर उघड्या तारांत काम करत होते. चहा निवतोय म्हणून बायको आतून तीनदा ओरडली. मी खिशावर हात दाबून शिडीशी उभा राहिलो. तो उतरला, त्याने हात पुढे केला, तेव्हाच मी खिशाची गुंडी काढली.