भिंतीला लावलेला चुना

माझ्या आईने आयुष्यात एकदाच सरकारला चुना लावला, तोही घरच्याच भिंतीवरून. आठवलं की अजून डोकं फिरतं.

बोनकोड्यात आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. वरच्या मजल्यावरच्या संडासाचं पाणी आमच्या भिंतीत मुरायचं, आणि त्याच भिंतीला अण्णांचं अंथरूण. अण्णा म्हणजे माझे वडील, मार्केटात कांद्याच्या गोणी वाहणारे. आडवे झाले की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "आधी भिंत सुकवा, मग माझं औषध लागू पडेल." मालकाला सांगून सांगून जीभ झिजली. ढिम्म हलला नाही मेला. शेवटी मी वॉर्ड ऑफिसात तक्रार केली, भांडले, तेव्हा कुठे एक साहेब बघायला येणार असं ठरलं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले, तर भिंत पांढरीशुभ्र! आईने बुरशी पुसून चुना फासला होता, वर ठेवणीतली चादर टांगली होती. अण्णांचं अंथरूण पोटमाळ्यावर.

"आई, काय करून ठेवलंस हे?"

"अगं, परका माणूस येणार घरात. त्याला काय घाण दाखवायची? चारचौघांत शोभा नको."

आमची साताऱ्याकडची ही खोडच. घरात पीठ नसेल, पण पाहुण्यापुढे सगळं झकास.

साहेब आले, सोबत मालकही. "बगा साहेब, कुटं हाय पानी? उगाच बोंब!" साहेबांनी उंबऱ्यातूनच नजर फिरवली. आईने चहा पुढे केला.

"काही त्रास, मावशी?"

"नाय ओ साहेब, समदं ब्येस हाय."

अण्णा धाप दाबून हसत मान डोलवत होते. त्या हसण्याची मला इतकी चीड आली! मी ओट्यावरचं उलथनं उचललं, चादर ओढून फेकली आणि भिंत खरवडायला लागले. चुन्यामागून भिजलेलं प्लास्टर भसकन खाली आलं, घाण पाणी ओघळलं.

"लावा हात! लावा की साहेब!"

साहेब दोन पावलं मागे सरले. मालक ओरडला, "माजंच घर फोडतंस?"

साहेबांनी मालकाला दुरुस्तीची नोटीस काढली. मालकाने दुरुस्ती केली, नाही असं नाही. फक्त त्याआधी आम्हाला बाहेर काढलं. "काम झाला का या परत," म्हणाला. परत गेलो तर कोरड्या ठणठणीत खोलीत दुसरंच कुटुंब. मालकाशी बोलावं तर दार लावून घेतलं हरामखोराने.

आता सानपाड्याला गावठाणात राहतो. इथेही भिंतीला ओल आहे. तक्रार करते म्हटलं तर आई हात जोडते. अण्णांना उबळ येते, ते अंथरुणावर उठून बसतात, आणि ती त्यांच्या तोंडावर पदर धरते.

"अहो, हळू खोका. मालक ऐकंल."