निखत आपांचं लॉगिन

निखत आपा सर्व्हरला ‘अहो’ म्हणायच्या. पान उघडलं नाही की आमच्या तोंडून शिवी जायची, आपा मात्र चष्मा पुसून विचारायच्या, “अहो, काय दुखून राह्यलं तुमचं?” आणि चुकांची यादी आजाऱ्याचं गाऱ्हाणं ऐकावं तशी शांतपणे वाचायच्या.

कारंज्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथेच शिकून मी आमच्या रक्तदाता गटाची वेबसाइट सांभाळायचो. नावं, रक्तगट, फोन नंबर, सगळं उघडं. एक दिवस सुनंदा नावाची नर्स आली. अनोळखी माणसं तिला वेळीअवेळी फोन करत होती. “भाऊ, रक्त देईन, पन माहं नाव काढा,” ती म्हणाली. त्याच आठवड्यात आणखी सात बायांनी नावं काढायला लावली. घाबरून मी सगळ्यांसाठी एक पासवर्ड लावला. दोन दिवसांत तो गावभर झाला.

आपा हसल्या. “एकच किल्ली साऱ्या गावाले देली, मंग कुलूप कायले लावलं, बाबू?”

बाजारात मिळणाऱ्या तयार लॉगिनला फोनवर येणारा ओटीपी लागायचा, आणि नर्सना वॉर्डात फोन ठेवायची मनाई. म्हणून आपांनी स्वतःच लिहायला घेतलं. प्रत्येकाचं वेगळं खातं. दात्याचा नंबर फक्त दवाखान्याच्या खात्याला दिसणार, आणि कोणी पाहिला याची नोंद राहणार. “कोन हाय, हे एक इचारायचं. त्याले काय पाहू देयाचं, हे दुसरं,” त्या सांगायच्या, आणि बोटं अशी भरभर चालायची की मी खुर्चीतून उठून पाहत राहायचो.

काम झाल्यावर त्यांनी सुनंदालाच बोलावलं. “हे तोडून दाखव.”

सुनंदाने नाना पासवर्ड टाकून पाहिले. काही उघडेना. मग तिला आठवलं, यादीच्या पानाचा जुना पत्ता तिच्या मोबाइलमध्ये होता. तिने तो दाबला आणि लॉगिन न विचारताच अख्खी यादी समोर आली. माझं तोंड उतरलं. आपा टाळी वाजवून उठल्या. “शाब्बास पोरी. दुसरं कोनी घुसायच्या आधी तूच घुसली, लय बरं झालं.”

तासाभरात त्यांनी प्रत्येक पानावर तपासणी बसवली. सुनंदाने तीनदा पत्ता दाबला, तिन्ही वेळा लॉगिनच आलं. मग तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला.

“आपा, माहं नाव टाका परत.”

“म्या कायले टाकू? तुयं नाव, तुया हातानं टाक.”

सुनंदा कीबोर्डपाशी बसली. ती पासवर्डच्या रकान्यापर्यंत आली तशी आपांनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि मलाही खूण केली. आम्ही दोघं पाठमोरे, कोऱ्या भिंतीकडे पाहत बसलो. मागे एकेक कळ वाजत होती.