हरण्याची नोकरी

"तुला जिंकायला ठेवलंय का इथे?"

अनिश सगळ्यांसमोर म्हणाला. ओरडून नाही, हसत. हातात कॉफीचा मग होता. ओरडला असता तर मला चाललं असतं, ओरडा खायची सवय आहे. पण तो हसला म्हणून टेबलावरचे सगळे हसले. आणि मीही हसले. ते माझं हसणं आजही आठवलं की तोंड कडू होतं.

गुन्हा एवढाच, की मी कॅरमचा एक बोर्ड जिंकले होते.

लोअर परळला गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिलीय, तिथे आमचं ऑफिस. मोबाइलवर लोक एकमेकांशी कॅरम खेळतात, तसलं ॲप बनवणारी कंपनी. मला घेताना 'गेम टेस्टर' म्हणाले होते. आईने चाळीत पेढे वाटले. पोरगी कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली म्हणून सांगत फिरली. काम काय ते मला पहिल्या दिवशी कळलं.

ॲपवर नवा माणूस आला की सुरुवातीचे डाव त्याला जिंकू द्यायचे. कारण हरला की तो ॲप काढून टाकतो. म्हणून त्याच्यासमोर बॉट बसवतात. खेळणारं मशीन, पण नाव माणसाचं, फोटो माणसाचा. नव्याला वाटतं, आपण एका जिवंत माणसाला हरवलं. उघडउघड फसवणूक. ऑफिसात तिला 'वेलकम एक्सपिरियन्स' म्हणायचे.

पण कंपनीचे बॉट कच्चे होते. समोरची सोपी सोंगटी सोडून द्यायचे, विचार न करता फटकन मारायचे. लोक ओळखायला लागले, रिव्ह्यूत शिव्या घालायला लागले. म्हणून बॉट सुधारेपर्यंत त्यांच्या जागी माणसं बसवली. ती माणसं म्हणजे आम्ही. लांब टेबल, प्रत्येकापुढे फोन. पलीकडे कुठल्यातरी शहरातला नवा खेळाडू, अलीकडे मी, मध्ये एक खोटं नाव.

हरायचं. पण सहज नाही. झुंज द्यायची, राणी घ्यायची, समोरच्याच्या पोटात गोळा आणायचा आणि शेवटच्या सोंगटीला चुकायचं. केसभर चुकायचं, म्हणजे त्याला आनंद होतो.

आणि तोंड बंद. चॅटमध्ये समोरच्याने काहीही लिहिलं तरी उत्तर द्यायचं नाही. "बॉट कधी बोलतो का?" अनिश म्हणाला होता.

अनिश आमचा प्रमुख. शिवाजी पार्कचा. घरात आजोबांपासून वकिली. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "सर वगैरे नको गं, अनिश म्हण. इथे सगळे सारखे." मी अनिश म्हणायला शिकले. 'तू' म्हणायला मात्र जीभ वळायची नाही. अनिश, तुम्ही. असं अर्धवट काहीतरी बोलायची मी.

आमच्या चाळीत मंडळाच्या खोलीत कॅरम आहे. नवा पोरगा आला तर आधी बाजूला उभा राहतो. पावडर टाकतो, सोंगट्या गोळा करून देतो, चार दिवस बघतो आणि मग कुणीतरी म्हणतं, बस रे. मी मुलगी म्हणून मला तर त्याहून जास्त उभं राहावं लागलं. बाबा खेळायचे, त्यांच्या खुर्चीमागून बघत बघत शिकले. इथे नवा माणूस आल्या आल्या बादशहा. त्याला कुणी थांबायला सांगत नाही, कुणी हरवत नाही. दोन डाव जिंकला की अंगात येतं त्याच्या. 'लूजर'. 'नूब'. 'जा, भांडी घास'. रडणाऱ्या बाळाची चित्रं पाठवायचा. ज्याला स्ट्रायकर सरळ मारता येत नाही, तो मला सांगायचा की तुझ्यात दम नाही. मी फोन टेबलावर ठेवून हात पुसायची आणि पुढचा डाव घ्यायची. पोटासाठी माणूस काय काय ऐकतो. रस्त्यावर उभं राहून ऐकणाऱ्यांपेक्षा आपण एसीत बसून ऐकतोय, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

मग वरून सांगणं आलं की बॉटांची नावं परदेशी वाटतात, जरा इथली ठेवा.

ते काम केतकीकडे होतं. केतकी गिरगावची, स्वभावाने खरंच चांगली. उपास असला की सगळ्यांसाठी साबुदाण्याचे वडे आणायची. सोमवारी फोन उघडला तर माझ्या बॉटचं नाव होतं अमोल कांबळे.

ते आमचं आडनाव. माझं, माझ्या बाबांचं.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. असल्या चकचकीत ठिकाणी आपलं आडनाव कधी दिसत नाही. मी शेजारच्या फोनमध्ये डोकावले. तिथे साळवे. त्याच्या पलीकडे वाघमारे. मग मी उठून पलीकडच्या टेबलावर गेले. जुने खेळाडू चटावले की त्यांना चाप लावायला तिथे जिंकणारे बॉट चालवायचे. त्यांची आडनावं वेगळी होती. ती मी इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहेत.

मी केतकीला विचारलं, "हे कुणी ठरवलं गं?"

"कुणी नाही. सुचली तशी टाकली. का? काय झालं?"

तिचा चेहरा मी नीट पाहिला. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मनात खरंच काही नव्हतं. मनात काही नसताना तिचा हात बरोबर तिथेच गेला. मला त्याचीच जास्त भीती वाटली. शिवी देणाऱ्याशी भांडता येतं. हिच्याशी काय भांडणार?

त्याच आठवड्यात एकजण आला. नवाच. मी त्याला ठरल्याप्रमाणे जिंकू देत होते. दुसऱ्या डावात त्याने लिहिलं, "काय रे कांबळे, इथे कोटा नाही मिळत का?"

माझं बोट स्क्रीनवर तसंच राहिलं.

"कॅरममध्ये पण आरक्षण लावून घ्या." पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं. एक ओळ भरून.

माझी पाळी होती. वेळ संपत आली होती. बॉट बोलत नाही. मी स्ट्रायकर मारला, शेवटची सोंगटी केसभर चुकवली, तो जिंकला. माझं काम चोख झालं.

मी तो फोन तसाच उचलून अनिशच्या केबिनमध्ये नेला. त्याने वाचलं. तोंड वाकडं केलं. "शी. काय एकेक लोक असतात." त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. मग म्हणाला, "पण हे बघ, तू पर्सनली घेऊ नकोस. तुला नाही म्हणाला तो. बॉटला म्हणाला."

"बॉट मीच आहे ना."

"टेक्निकली नाही."

मी तशीच उभी. त्याला माझी अडचण झाली असावी. म्हणाला, "बरं, एक करू. आडनाव काढून टाकू. नुसतं अमोल ठेवू. ओके?" आणि लॅपटॉपकडे वळला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

संध्याकाळी घरी सांगितलं. आई म्हणाली, सोड, नोकरी महत्त्वाची. बाबा चहा पीत होते. ते परळच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते, आता रिटायर झालेत. त्यांची एक गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. हॉस्पिटलच्या स्टाफच्या सामन्यांत ते कॅरमच्या फायनलला पोचले आणि समोर ऑफिसातले मोठे साहेब आले. कुणीतरी कानात सांगितलं, साहेबांना जिंकू दे. बाबांनी राणी अशी काही सफाईने सोडली की कुणाला कळलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली. ही गोष्ट बाबा हसत हसत सांगायचे, आपली हुशारी म्हणून. आम्हीही हसायचो. आई कधी हसली नाही, हे त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी बाबाही हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "मी एकदाच हरलो गं. तुझी तर रोजची ड्युटीच झालीय."

एवढंच बोलले आणि खाली निघून गेले. मला त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला. शिकले, पदवी घेतली, इंग्रजीत मुलाखत दिली, आणि पोचले कुठे? तर बाबा जिथे एकदा उभे राहिले, तिथे मी पगारावर बसले. बाबांना निदान समोरचा साहेब दिसत होता.

दुसऱ्या दिवशी करी रोडच्या पुलावरून चालत ऑफिसला गेले. फोन उघडला. नाव अजून तेच होतं. अमोल कांबळे. बदलायला कुणाला सवड मिळाली नव्हती.

पहिला खेळाडू आला. नवा. त्याने काही वाईटसाईट लिहिलंही नव्हतं. मी जिंकले. दुसरा आला, जिंकले. तिसऱ्याला राणी दिसलीसुद्धा नाही. शेजारचा संदीप, जो साळवे म्हणून हरायचा, तो कुजबुजला, "काय करतेयस? मरशील." मी म्हटलं, "खेळतेय." किती महिन्यांनी माझं बोट मनासारखं चाललं होतं. हात स्थिर होता.

आणि चॅटमध्ये काय आलं असेल? "चीटर." "हॅकर आहेस तू." "रिपोर्ट करतो तुला."

बघा. इतके महिने मी हरत होते, खोटं हरत होते, तेव्हा एकालाही शंका आली नाही. कांबळे नाव आल्यावर तर नाहीच. कांबळे हरतोय, म्हणजे सगळं ठीक चाललंय. खरं खेळून जिंकले तशी मी चीटर.

मी चॅट उघडलं आणि लिहिलं, "मी माणूस आहे. कांबळेच आहे. आजपर्यंत तुम्हाला जिंकू देत होते. आता खेळून दाखवा."

समोरचा पळाला. डाव अर्धा टाकून.

अनिश आला तेव्हा त्याच्या हातात मग नव्हता. हसतही नव्हता. "काय केलंस कळतंय का तुला? आडनाव काढतो म्हटलं होतं ना मी?"

मी उभी राहिले. टेबलावरचे सगळे बघत होते. केतकीही.

"आडनाव नको काढूस, अनिश," मी म्हटलं. 'तू' कसं आलं ते मला कळलंसुद्धा नाही. "ते राहू दे. हरणं काढ."

"तू फार इमोशनल होतेयस. गेम आहे हा."

"गेम असता तर मला जिंकता आलं असतं."

त्याने हात पुढे केला. मग शांतपणे म्हणाला, "फोन जमा कर. तशीही तुमची गरज संपत आलीच होती. तुमचे सगळे डाव रेकॉर्ड झालेत. बॉट शिकलाय आता."

तेव्हा मला कळलं. मी कुठे थांबते, किती वेळ विचार करते, किती चुकते, सगळं साठवून ठेवलं होतं. मला बॉट म्हणून बसवलं नव्हतं फक्त. माझ्याकडून बॉट घडवून घेतला होता. मी बॅग उचलली. पायऱ्यांवर येईपर्यंत रडले नाही, तिथे रडले. दुःखाने नाही, संतापाने.

घरी अजून चणचण आहे. आई बोलत नाही, पण तिचा चेहरा बोलतो. दुसरी नोकरी मिळालेली नाही.

मागच्या आठवड्यात मी ते ॲप माझ्या फोनवर घेतलं. नवी खेळाडू म्हणून. पहिल्याच डावाला समोर अमोल कांबळे. आडनाव काढलं नव्हतंच. त्याने राणी घेतली. शेवटच्या सोंगटीला जरा थांबला. ते थांबणं मी ओळखलं, माझं होतं. मग केसभर चुकला. माझ्या फोनवर फटाके उडाले, 'तुम्ही जिंकलात'. गावोगावची नवी माणसं आज हेच बघत असतील आणि हेच शिकत असतील, की कांबळे हरतो.

मी त्या ॲपखाली सगळं लिहिलं. काय काम करवून घेतलं, कुणाला कुठली आडनावं दिली, कुणी हरायचं ते कुणी ठरवलं. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. त्यांनी ते काढलं. मी परत लिहिलं. परत काढलं. आज सकाळी परत लिहिलंय.

कांबळे हरतो, हे खोटं त्यांनी माझ्या हातून लिहवून घेतलं. ते मी माझ्याच हाताने खोडणार. ते थकेपर्यंत. मी थकणार नाही.