तात्यांचा पाय आणि एकोचं बटन

“ताई, ह्ये बटन दाबून दाबून अंगठा सुजलाय बघा,” असं म्हणत तात्यांनी चप्पल काढली आणि पाय स्टुलावर ठेवला.

बारामतीच्या जळोचीत माझं साउंड सिस्टिम दुरुस्तीचं दुकान आहे. ॲम्प्लिफायर येतात, मिक्सर येतात. सुजलेला अंगठा पहिल्यांदाच आला होता.

तात्या पळसदेवचे ऊस बागायतदार. गावच्या भजनी मंडळात हवाईयन गिटार वाजवतात, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून. मुलीनं त्यांना एकोचं पेडल आणून दिलं होतं. पेडल म्हणजे पायाशी ठेवायची पत्र्याची डबी. तिच्यावरचं बटन दाबलं की गिटारचा सूर घुमतो. या बटनाला फूटस्विच म्हणतात. तो बुटानं दाबायचा म्हणून आतली स्प्रिंग कडक असते. देवळात बूट कुठले?

“परवा बंद करायला दाबलं, तर बटन बसलंच न्हाय. अख्खा अभंग घुमत ऱ्हायला. आमचं मंडळ आबा चालवत्यात. ते म्हणले, इंदापूरच्या स्पर्धेत असं झालं तर गिटार घरीच ठिवा.”

“स्पर्धा कधी आहे?”

“आठ दिसांनी.”

आधी मी बटनावर प्लास्टिकची रुंद टोपी बसवली. टोचायचं थांबलं, पण जोर तेवढाच लागत होता. शिवाय डबी सतरंजीवर सरकायची. मग स्विचच बदलायचं ठरवलं.

स्विच दोन प्रकारचे. एक बॉलपेनसारखा, एकदा दाबला की चालू, परत दाबला की बंद. पेडलमध्ये तोच होता. दुसरा दारावरच्या बेलसारखा, दाबून धरला तोवरच चालू. माझ्याकडे हलक्या पायानं दबेल असा होता तो बेलवाला. शिलाई मशीनच्या मोटरचं एक जुनं पायपेडल पडून होतं. रुंद, खाली रबर, अनवाणी पायाला बरं. त्याच्या आतलं काढून मी हा स्विच बसवला आणि वायर एकोच्या डबीत नेली. तिथं रिले लावला, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. आता बेलवाल्याला पेनवाल्यासारखं वागायला लावणारं एक सर्किट हवं होतं. त्याचा पार्ट मी पुण्याहून मागवला.

तिसऱ्या दिवशी तात्या ट्रॅक्टरच्या कामाला बारामतीत आले होते. गिटार घेऊनच दुकानात शिरले.

“झालं का?”

“अर्धंच झालंय. अजून पाय ठेवलाय तोवरच एको येतो.”

“बघू की.”

ते वाजवायला बसले. ओळीच्या शेवटच्या सुरावर पाय टेकवला, सूर घुमला. पुढची ओळ घेताना पाय उचलला. असे दोन अभंग वाजवले. मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.

“ताई, ह्येच ऱ्हाऊ द्या.”

“अहो तात्या, हे अपुरं आहे.”

“मला एको वळीच्या शेवटालाच लागतो. पाय उचलला की बंद. इसरायचं कामच न्हाय.”

अंगठ्याबद्दल मी त्यांना सगळं विचारलं होतं. एको कधी लागतो, हे विचारलंच नव्हतं.

“फकस्त एक हाय,” ते म्हणाले, “पाय उचलला की आवाज कापल्यावानी तुटतो.”

खरं होतं. रिले एकोचं अख्खं सर्किटच बाजूला काढत होता. मी वायरिंग बदललं. पाय उचलला की नवा सूर एकोत जायचा बंद होईल, पण आत गेलेला बाहेर येत राहील. दोन तास लागले. तात्या तेवढा वेळ समोर बसून राहिले. मग त्यांनी एकच सूर वाजवला, पाय उचलला आणि तो पूर्ण विरेपर्यंत आम्ही दोघंही ऐकत होतो.

इंदापूरला मी मुद्दाम गेले. मंडळाचा नंबर दुसरा आला. पहिल्या अभंगाला टाळ धरलेल्या आबांचं लक्ष सारखं तात्यांच्या पायाकडे होतं. दुसऱ्या अभंगाला त्यांनी डोळे मिटले. स्टेजवरून खाली उतरल्यावर ते माझ्याकडे आले.

“ताई, पेटीला असलं काय बसवता येतंय का?”

आता फूटस्विचचं काम घेऊन कुणी आलं, की मी त्याला आधी वाजवायला बसवते. डबी नंतर उघडते.