चतुराबाईंचा जावई

लेकीच्या घरी मुक्काम वाढवू नये, अशा वळणात चतुराबाई वाढल्या होत्या. लातूरकडच्या गावाहून काळेवाडीला आल्या, तरी एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी परतीची एसटी धरायच्या. जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि त्याचं नाव तर तोंडून निघालंच नाही. "जावईबापू" म्हणायच्या, तेही भिंतीकडे बघून.

मग एके दिवशी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. मुलगा गणराज वाईट नव्हता. पण तो दिवसभर रानात, बायको अंगणवाडीत कामाला. आईला उठवून बसवायला घरात कोण? फोनवर नुसतीच चर्चा चालली होती, एवढ्यात जावई नंदकिशोर गाडी ठरवून स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

"मामी, चला. आणि चार लुगडी घेऊ नका, सगळीच घ्या."

"लोक काय म्हणतील, जावईबापू?"

"लोकांना शिफ्ट नसते, म्हणून म्हणत बसतात. चला."

काळेवाडीतलं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टचं नाव नाही. हॉलमधली कॉट चतुराबाईंना मिळाली. खाली लेक सुहासिनी आणि नात अबोली झोपायच्या. नंदकिशोर स्वयंपाकघरात अंथरूण टाकायचा, सिलिंडरला उशी लावून. रात्रपाळी करून आला की भर दिवसा, कुकरच्या शिट्ट्या ऐकत तो तिथेच झोपायचा. चतुराबाई कॉटवरून बघायच्या आणि जीव अर्धा व्हायचा. आपल्यामुळे घरचा कर्ता माणूस फरशीवर पडतो. एकदा त्यांनी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मामी, इथं गार लागतं. कॉटवर मला गरम होतं."

दवाखान्यात न्यायची पहिली वेळ आली, तेव्हा त्यानं काही न विचारता सासूला सरळ दोन्ही हातांवर उचललं. चतुराबाईंनी लाजेनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. दुसऱ्या मजल्यावर शालनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलंच होतं. नंदकिशोर म्हणाला, "शालनबाई, तेवढं चपलांचं स्टँड सरकवा ना, पाय अडकतोय." शालनबाईंनी मुकाट्यानं स्टँड सरकवलं. पुढे पुढे तर त्याच्या पावलांचा आवाज आला की स्टँड आपोआप आत जायचं. दर रविवारी तो चतुराबाईंना खाली नेऊन उन्हाला बसवायचा. दोन बिल्डिंगींच्या मध्ये, लावलेल्या गाड्यांच्या शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची. आपण पायरीवर बसून तो त्यांच्यासोबत मेथी निवडायचा आणि गावाकडची कोण कुठं गेली, कोणाचं लग्न ठरलं, हे विचारत राहायचा. सासू-जावयाचं काय बोलणं चालतं एवढं, म्हणून सुहासिनी वरून डोकावून बघायची.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो मशीनवर होता. गावाकडून कोणी कामाच्या शोधात आलं, की आधी त्याच्याच स्वयंपाकघरात उतरायचं. सयाजी तसाच आला होता. नंदकिशोरनं शब्द टाकून त्याला आपल्याच कंपनीत लावलं. आता दोघं एकाच बसनं जायचे, शेजारी बसून.

यंदा दिवाळीनंतर नंदकिशोर छाती चोळताना दिसायला लागला. "पित्त आहे," म्हणायचा आणि गोळी चघळायचा. चतुराबाईंनी लेकीला हळूच सांगितलं, "त्यांचं तोंड उतरलंय गं. दाखवून आण." सुहासिनी मागे लागली, तेव्हा त्यानं रविवारी जाऊ म्हणून कबूल केलं. रविवारी ओव्हरटाइम निघाला.

त्या आठवड्यात तो पहिल्या पाळीला होता. सुटल्यावर बस चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. बसमध्ये सगळेच झोपतात. नंदकिशोरही खिडकीला डोकं टेकून झोपला. तोंडावर ऊन येत होतं, म्हणून सयाजीनं हात लांब करून पडदा ओढला. काळेवाडीचा स्टॉप आला तेव्हा त्यानं खांदा हलवला. "भाऊ, उठा. आलं घर."

भाऊ उठले नाहीत.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा अंधारून आलं होतं. जिना अरुंद, वर कसं नेणार? म्हणून खालीच, गाड्या हलवून जागा केली. सुहासिनीला बायकांनी धरून खाली नेलं. अबोली अनवाणीच धावली. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं, दिवे लागलेले, आणि कॉटवर एकट्या चतुराबाई. खालून लेकीचा टाहो ऐकू येत होता.

"अरे, मला न्या रे कोणी!" त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. त्या आकांतात कोणाला ऐकू जाणार? आणि त्यांना उचलून नेणारा माणूस तर खाली पडला होता.

त्या कॉटवरून घसरल्या. फरशीवरून हातांनी अंग ओढत दारापर्यंत आल्या, आणि बसल्या बसल्या एकेक पायरी उतरू लागल्या. लुगडं गुंडाळलं गेलं, कोपर सोलवटलं, पदर कुठे राहिला याचं भान नव्हतं. शेवटच्या वळणावर सयाजीनं त्यांना बघितलं आणि धावत येऊन उचललं. "आजी, मला वाटलं झोपलेत," तो लहान मुलासारखा रडत होता. "मी पडदा लावला हो. मला वाटलं झोपलेत."

चतुराबाई नंदकिशोरजवळ बसल्या. उघड्या डोक्यानं, सगळ्या माणसांसमोर. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

"नंदू," त्या म्हणाल्या. "नंदू, माझ्या लेकरा, माझ्या आधी रे कसा निघालास?"

तेराव्यानंतर गणराज म्हणाला, "आई, चल आता. ताईवर किती भार टाकायचा?" चतुराबाईंनाही ते पटत होतं. लुगड्यांची पिशवी भरूनही झाली. सुहासिनी इतके दिवस दगडासारखी बसून होती. ती उठली, पिशवी उलटी केली आणि लुगडी पुन्हा कपाटात रचायला लागली. "ते घेऊन आले होते तुला," एवढंच म्हणाली. गणराज संध्याकाळच्या गाडीनं एकटाच गेला.

महिन्याभरानं कंपनीनं सुहासिनीला पॅकिंगमध्ये घेतलं. पहिल्या दिवशी घरी आली, ती चप्पल न काढताच कॉटच्या कडेला बसली. घोटे सुजून टम्म झाले होते.

"आई, तिथं दिवसभर उभंच राहायचं असतं गं. टेकायलासुद्धा जागा नाही. इतकी वर्षं... कधी बोलले नाहीत. एकदासुद्धा नाही."

आणि त्या रात्रीनंतर कोरडे राहिलेले तिचे डोळे एकदम भरून वाहायला लागले. चतुराबाईंनी तिचे पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले. अबोलीनं तेलाची वाटी आणून दिली. त्या तळवे चोळत राहिल्या. "रड," म्हणाल्या, "रड गं बाई."